खारी भिंत

"वहिनी, तुमचा तो पेंटर भिंत चाटतोय."

रंजनबेन आमच्या दारात उभ्या राहून आईला हळू आवाजात सांगत होत्या. त्यांचा हळू आवाज दोन मजले ऐकू जायचा. मी हॉलमध्येच खिडकीखालच्या खुर्चीत अकरावीचं पुस्तक उघडून बसले होते आणि पेंटर माझ्यापासून चार हातांवर होते. ते भिंत चाटत नव्हते. त्यांनी करंगळी ओली करून भिंतीवरून फिरवली होती, जिभेला लावली होती आणि आमटीत मीठ बघावं तसे डोळे मिटून चव घेत उभे होते. पण हे रंजनबेनना समजावायचं म्हणजे तोंड उघडावं लागणार. मी पान उलटलं.

"खारी हाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाय, तुज्या बाबांना बोलव."

ते पास्कल अंकल. अंकल फक्त मी म्हणायचे, कॉन्व्हेंटच्या शाळेची सवय. आई त्यांना 'पेंटर' म्हणायची, माझे वडील, अप्पा, 'पास्कल', आणि बिल्डिंगमधली बाकीची माणसं 'तो उत्तनवाला'. खरं म्हणजे ते उत्तनचेही नव्हते, त्याच्या बाजूच्या तारोडीचे होते. पण भाईंदर पूर्वेला, नवघरच्या शेतांमध्ये उगवलेल्या आमच्या चार मजली बिल्डिंगींतल्या लोकांना पश्चिमेला पूल ओलांडून पुढे काय काय गावं आहेत हे माहीत करून घेण्यात रस नव्हता. आम्ही सगळे मुंबईतून आलेलो. कोणी परळ, कोणी गिरगाव, कोणी भुलेश्वर. आपण इथे तात्पुरते आहोत आणि तरीही इथल्या लोकांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, अशा दोन समजुती प्रत्येकाने सामानाबरोबर आणल्या होत्या.

पास्कल अंकल कोळ्याच्या घरातले, पण बोटीवर पाय ठेवला की त्यांना उलटी व्हायची. हे ते स्वतः हसत सांगायचे. "बापूस बोलला, समिंदरावर हा कामाचा न्हाय. याला ब्रश द्या." तर ते किनाऱ्यावर बोटी रंगवायला शिकले आणि तिथून घरांकडे आले. पावसाळ्यात बोटी वाळूवर ओढून ठेवतात. आधी त्या खरवडायच्या, मग सुकवायच्या, पुरत्या सुकल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचाच नाही. ही त्यांची शाळा होती. भिंतीलाही ते बोटीसारखंच वागवायचे. आले की ब्रश बाहेर काढायचे नाहीत. आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकायची, कान लावायचा, पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल काढायचा. मग तळहात ठेवून गार लागते का बघायची. मग ती करंगळी. हे सगळं अर्धा तास चालायचं आणि घरातली बाई अस्वस्थ व्हायची, कारण तिला शेडकार्ड उघडायची घाई असायची.

उंच, काळेसावळे, जरासे वाकलेले. कामाला यायचे ते इस्त्रीचा शर्ट घालून, आमच्या बाथरूममध्ये तो बदलायचे आणि संध्याकाळी पुन्हा तोच इस्त्रीचा शर्ट घालून जायचे, नखांतला रंग रॉकेलने पुसून. बाहेर पडताना कोणी म्हणणार नाही की हा माणूस दिवसभर रंगाऱ्याच्या लाकडी घोडीवर उभा होता. चहा बिनसाखरेचा. रंगाच्या वासात साखर कडू लागते म्हणायचे. ब्रश ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचे, एखादं झोपलेलं मूल आणावं तसे. दुसऱ्या कोणी त्या ब्रशला हात लावला की त्यांचा चेहरा उतरायचा, पण बोलायचे नाहीत.

हे न बोलणं हा त्यांचा मोठा दोष होता. मी स्वतः न बोलणारी. शाळेत इंग्रजी, घरात मराठी, जिन्यात हिंदी, आणि तिन्हीकडे मी मोजकं बोलायचे. त्यामुळे दुसऱ्याचं न बोलणं मला लगेच ओळखू यायचं आणि तितकंच असह्यही व्हायचं.

त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाईक चुकत असेल तर दोनदा सांगायचं. तिसऱ्यांदा ब्रश हातात घ्यायचा आणि गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं.

गिऱ्हाईक चुकतच असे. मला आठवतं तसं, आमच्या बिल्डिंगमध्ये रंगाविषयी अज्ञान असं कोणालाच नव्हतं. प्रत्येकाला सगळं पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर सगळा घोटाळा.

रंजनबेन समोरच्या ब्लॉकमध्ये राहायच्या, सोसायटीचे सेक्रेटरी नवीनभाई यांच्या पत्नी. त्यांनी शेडकार्डावरचा नखाएवढा गुलाबी चौकोन निवडला. पास्कल अंकलनी त्या रंगाचा पलंगपोसाएवढा पट्टा भिंतीवर मारला आणि म्हणाले, "दोन दिवस बगा. सकाळी बगा, ट्यूबलाइटमधी बगा. मंग सांगा."

"दोन दिवस कोण थांबेल? कार्डवर किती गोड दिसतोय!"

"कार्ड बारका हाय, बेन. भिंत मोठी. मोठ्यावर रंग चढतो."

"तुम्ही मारा हो."

दोनदा झालं होतं. त्यांनी ब्रश घेतला. चार भिंती एकमेकींवर तो गुलाबी रंग फेकायला लागल्या तेव्हा खोली, रंजनबेनच्याच शब्दांत, खोकल्याच्या औषधासारखी झाली. "पेंटरने शेड चुकीचा मिक्स केला," असं त्यांनी चारही मजल्यांवर सांगितलं. पास्कल अंकल जिन्यात उभे होते, त्यांनी ऐकलं आणि डबा उचलून खाली गेले.

पहिल्या मजल्यावरच्या सावंतांना पातळ रंग म्हणजे फसवणूक वाटायची. डिस्टेंपरमध्ये पाणी घालावंच लागतं, डब्यावरही लिहिलेलं असतं, पण सावंतांनी त्यासाठी आपल्या आईला स्टुलावर बसवलं होतं. म्हातारी हातात जपमाळ घेऊन आठ तास बादलीवर नजर ठेवून होती. अंकलनी पाण्याच्या मगाला हात लावला की बोलायची, "ए, पाणी नको हां. घट्ट मार. आणि तीन हात." त्यांनी घट्ट मारला. तीन हात मारले. उन्हाळ्यात त्या भिंतीला अशा भेगा पडल्या की मिठागराची सुकलेली जमीन घरात आणून उभी केल्यासारखं वाटायचं. सावंत म्हणाले, बहुतेक आई पेंगली असेल तेव्हा त्याने पाणी घातलं.

त्यांना खूश झालेलं मी एकदाच बघितलं. तळमजल्यावर मथुराबाई नावाच्या एक नर्स एकट्या राहायच्या. त्यांची खोली मागच्या बिल्डिंगच्या सावलीत, दुपारीही दिवा लागायचा. सगळ्यांनी सांगितलं होतं, अंधाऱ्या खोलीला पांढराच द्या, मोठी दिसते. पास्कल अंकल म्हणाले, उजेडच नसला तर पांढरा रंग राखेसारखा दिसतो. मथुराबाई ड्युटीवर निघाल्या होत्या, पर्स खांद्याला लावत म्हणाल्या, "अहो, तुमचं काम तुम्हाला कळणार. तुम्हाला वाटेल तो द्या."

त्यांना हे वाक्य नवीन होतं. ते इतके गोंधळले की सकाळभर काहीच केलं नाही, रिकाम्या खोलीत पाठीवर हात बांधून उभे राहिले. आईने मला चहा घेऊन पाठवलं होतं. मी दारात उभी, ते भिंतीकडे बघताहेत. शेवटी त्यांनी पिकल्या केळ्याचा पिवळा दिला, आणि छताला त्याच्याहून एक पायरी फिका. त्या खोलीत मग ढगाळ दिवशीही ऊन आल्यासारखं वाटायचं. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, "मथुराबाईंची निवड चांगली आहे हो."

त्या वेळी मी त्यांना आयुष्यातला एकमेव प्रश्न विचारला. "अंकल, तुम्ही लोकांना तिसऱ्यांदा का नाही सांगत?"

ते ब्रश धूत होते. "तिसऱ्यांदा सांगितला तर भांडन व्हतं, बाय. घर त्यांचा, भिंत त्यांची, तिच्यात ऱ्हायाचा त्यांना. मी कोन?"

"पण मग नाव तुमचं खराब होतं."

"व्हतं," ते म्हणाले, जणू मी पाऊस पडतो असं काहीतरी सांगितलं होतं.

मला या उत्तराचा तेव्हा राग आला आणि आजही येतो. हे शहाणपण आहे असं मला कोणी सांगू नये. जाणत्या माणसाने अर्ध्यावर गप्प बसायचं आणि अडाण्यांनी शेवटपर्यंत बोलायचं, या वाटणीत शेवटी काय होतं ते मी आमच्याच घरात पाहिलं.

तर ती भिंत. हॉलची पश्चिमेची भिंत, दारातून आत आल्या आल्या समोर दिसणारी. तिच्यावर बुद्धाची तसबीर होती, खाली दिवाण. दर पावसाळ्यानंतर त्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढरी भुकटी यायची. आई ती झाडूने झाडायची, महिन्याभरात परत यायची. लोणा. अप्पांचं म्हणणं होतं की चांगला ऑइल पेंट मारला की लोणा बंद. ऑइल पेंट म्हणजे प्लास्टिकसारखं, पाणी आत जाणार नाही, ओल बाहेर येणार नाही, वर फडक्याने पुसता येतो. ऑफिसात सगळे हेच सांगत.

करंगळीची चव घेऊन झाल्यावर पास्कल अंकल अप्पांना म्हणाले, "साहेब, भिंतीत मीठ हाय. बिल्डरनं प्लास्टर खाडीच्या रेतीनं केलंय, धुतली पन न्हाय. हितं वरून रंग देऊन काय फायदा न्हाय. कमरेपर्यंत प्लास्टर काढा. चांगल्या रेतीचा नवा लावा. एक उन्हाळा उघडा ठेवा. मंग दोन वर्सं नुसता चुना. चुन्यातून भिंत दम घेते, आतला पानी भायेर जातो."

अप्पा 'चुना' या शब्दालाच अडकले.

"चुना? पास्कल, हा फ्लॅट आहे. चुना चाळीत लावतात."

इथे अप्पांविषयी सांगायला हवं, नाहीतर ते नुसतेच हट्टी वाटतील. ते गोदीतल्या एका ऑफिसात कारकून म्हणून लागले, कोकणातून आलेले, परळच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसांत राहून शिकलेले. त्या खोलीला चुना होता. अभ्यास भिंतीला टेकून. धुतलेला एकुलता एक रंगीत शर्ट घालून, भिंतीला टेकून डबा खाऊन ऑफिसात गेले की पाठीवर चुन्याचा पांढरा पट्टा. तिथे एक हेडक्लार्क होता. तो रोज सगळ्यांसमोर म्हणायचा, "या, भिंत घेऊन आलात?" अप्पांनी हे आम्हाला एकदाच सांगितलं, तेही आईने विषय काढल्यावर, आणि ते हसत सांगायचा प्रयत्न करत होते. पुढे खात्याची परीक्षा देऊन ते त्याच ऑफिसात सुपरिंटेंडेंट झाले. त्या वर्षी साहेब आणि ऑफिसातली पाच-सहा माणसं पहिल्यांदा आमच्याकडे रविवारी जेवायला येणार होती. त्यांच्या पाठीला अप्पांच्या घरातला चुना लागणार होता का?

"साहेब, ऑइल पेंट मारला तर भिंतीचा तोंड बंद व्हतं," पास्कल अंकल म्हणाले. "आत पानी कोंडतं. मंग फोड येतात. आमी वली बोट कवा रंगवत न्हाय. मी तरी सांगतो, नको."

आईच्या आत्याचा मुलगा बसला होता. तो मोठ्याने हसला. "अप्पा, सांभाळा, हा तुम्हाला चुना लावायला बघतोय!" हा विनोद त्या वर्षांत प्रत्येक घरात प्रत्येक पेंटरला कोणीतरी ऐकवायचं आणि पहिल्यांदाच सुचल्यासारखं हसायचं. पास्कल अंकलही ओठांनी हसले.

"ऑइल पेंट," अप्पा म्हणाले. "पिस्ता कलर. आणि पुढच्या शनिवारपर्यंत."

दोनदा झालं होतं. मी खुर्चीतच होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग ते वाकले आणि फडक्यातून ब्रश सोडवू लागले.

काम मात्र त्यांनी असं केलं की जणू भिंत पन्नास वर्षं टिकणार आहे. लोणा ब्रशने झाडला, पॉलिशपेपर मारला, खळग्यांत लांबी, म्हणजे पुटी, भरली, पुन्हा पॉलिशपेपर, प्रायमर, मग दोन हात. शेवटच्या हाताला त्यांनी पंखा बंद करायला लावला, धूळ बसू नये म्हणून. घामाने निथळत होते. मला कळेना. जे फुकट जाणार हे माहीत आहे ते इतकं नीट का करायचं? अजून मला कळलेलं नाही.

भिंत आरशासारखी झाली. ट्यूबलाइट तिच्यात पुरी दिसायची. साहेब आले, जेवले, भिंतीवरून हात फिरवून म्हणाले, "वा, फिनिशिंग आहे!" अप्पा म्हणाले, "मी स्वतः उभं राहून करून घेतलं." साहेब दिवाणावर मागे टेकून बसले. ते उठले तेव्हा अप्पांची नजर त्यांच्या पाठीवर गेली. पाठ स्वच्छ होती. त्या क्षणी अप्पांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मी मनातल्या मनात पास्कल अंकलना चुकीचं ठरवलं. मला वाटलं, राहीलही ही भिंत.

पाऊस संपला आणि फोड आले. आधी दोन-चार, मग पुऱ्यांएवढे. मी एकावर बोट दाबलं तर आतून पाण्याची धार माझ्या मनगटावर आली. मी ती चाखली. खारट होती. मी कोणाला सांगितलं नाही. पंधरा दिवसांत पिस्त्याचे पापुद्रे गळायला लागले आणि आतून पांढरी भुकटी. अप्पा सकाळी आंघोळीआधी, आम्ही उठायच्या आत, फडकं घेऊन भिंत पुसायचे. मी अंथरुणातून बघायचे. पुसताना ते इकडेतिकडे बघायचे, चोरी केल्यासारखे.

मग आमच्या घरात एक बदल झाला. 'मी उभं राहून करून घेतलं' हे वाक्य बंद झालं आणि 'त्याने' सुरू झालं. त्याने हलका रंग वापरला. त्याने डबा बदलला असणार. त्याने प्रायमर खाल्ला. कोणी ठरवून खोटं बोललं नाही. हळूहळू, रोज थोडं, असं ते घडलं. आईसुद्धा शेजारी 'पेंटरने वाट लावली' म्हणायला लागली. मी एकदा स्वयंपाकघरात म्हटलं, "पण आई, त्यांनी तर नको म्हटलं होतं ना?"

आई पोळी लाटत होती. ती थांबलीसुद्धा नाही. "मग? चारचौघांत अप्पांना खाली बघायला लावणारेस का? पेंटरला काय, हे घर नाहीतर दुसरं."

डिसेंबरात सोसायटीची मीटिंग होती, गच्चीवर. बिल्डिंगच्या दोन्ही विंग, जिने, बाहेरच्या भिंती, सगळं रंगवायचं होतं. पास्कल अंकलना आजवर सुट्या खोल्या मिळालेल्या, एवढं मोठं काम कधीच नाही. आणि हे काम मिळालं असतं तर आसपासच्या दहा बिल्डिंगींत त्यांचं नाव झालं असतं. नवीनभाईंना ते पसंत होते, गुलाबी खोली होऊनही. त्यांनीच त्यांना बोलावलं होतं. ते जिन्याच्या दाराशी इस्त्रीच्या शर्टात उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा असं कोणी म्हटलं नाही. मी चहाचे कप धरून पाण्याच्या टाकीपाशी.

"तो फिर पास्कलला देऊ या," नवीनभाई म्हणाले. "जाना-पहचाना माणूस आहे. काय सावंत?"

सावंत म्हणाले, "आमच्या भिंतीला भेगा आहेत."

मग अप्पा उठले. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि टेबलावर उघडली. आत आमच्या भिंतीचे पापुद्रे होते.

"हा बघा ह्याच्या कामाचा नमुना. सहा महिने नाही टिकला. हा माणूस बिल्डिंग रंगवणार?"

तोपर्यंत अप्पा त्यांना 'तुम्ही' म्हणत आले होते.

पुडी हातोहात फिरली. एकाने पापुद्रा मोडून बघितला, जसं काही त्याला त्यातलं कळत होतं. नवीनभाईंना वाईट वाटत होतं. ते म्हणाले, "अरे पास्कल, बोल ने कुछ. काय झालं होतं?"

त्यांनी फक्त सांगायचं होतं. एवढंच, की साहेब, मी नको म्हणालो होतो. मी कपांची थाळी दोन्ही हातांनी धरली होती आणि वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. त्यांनी अप्पांकडे बघितलं. अप्पा टेबलाकडे बघत होते. मग पास्कल अंकलनी माझ्याकडे बघितलं. मागणं वगैरे काही नव्हतं त्या नजरेत, ती मला अजून आठवते म्हणून सांगते. अप्पा ऑइल पेंट म्हणाले तेव्हा आम्ही दोघे हॉलमध्ये होतो, एवढीच ओळख होती.

"भिंत मीच रंगवली," ते म्हणाले. "मंग मना काय बोलायचा हाय?"

मी चहा वाटायला सुरुवात केली. त्यांना द्यायला वळले तोवर ते खाली गेले होते.

काम दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला मिळालं. त्याने न खरवडता रंग मारला, आणि तो दोन पावसाळ्यांत गेला. त्याला कोणी बोललं नाही, कारण तोवर बिल्डिंगीच खराब आहेत असं ठरलं होतं. पास्कल अंकल आमच्या बाजूला दिसेनासे झाले. एका बिल्डिंगमधली गोष्ट दुसरीत पोचायला वेळ लागत नाही. बायका बाजारात भेटतात, पुरुष सोसायटीच्या पाण्याच्या टँकरपाशी.

भिंतीचं म्हणाल तर अप्पांनी तिच्यावर सीनरी चिकटवली. तेव्हा तशा भिंतभर सीनऱ्या मिळायच्या. तळं, मागे बर्फाचे डोंगर, काठावर लाकडी घर. लोकांना वाटायचं, कागदाने झाकलं की ओल थांबते. वर्षभरात तळ्यातून मीठ वर आलं. डोंगरांवर बर्फ होताच, तो वाढला. मग त्यापुढे शोकेस आली. शोकेसच्या मागची फळी कुजली. मी कॉलेज संपवलं, अंधेरीला एका ऑफिसात नोकरीला लागले, अप्पा रिटायर झाले, आणि या सगळ्या काळात घरात भिंत हा शब्द कोणी उच्चारला नाही.

नंतर एका मार्चमध्ये, शनिवारी, मी घरी होते. आमच्या वरच्या, तिसऱ्या मजल्यावर कांबळे म्हणून नवं बिऱ्हाड आलं होतं, मराठवाड्यातलं, नवराबायको दोघं नोकरीवाले. कांबळेवहिनींच्या बहिणीचं घर नवघर गावात होतं, तिथल्या पेंटरचं काम त्यांना आवडलं होतं म्हणून त्यांनी त्यालाच बोलावलं. मी दार उघडं टाकून जिन्यात चपला पुसत होते. खालून पावलं आली. इस्त्रीचा शर्ट. केस पुरते पांढरे, पाठ आणखी वाकलेली. कुशीत ओल्या फडक्यातलं ते गाठोडं.

"बाय?" ते म्हणाले. "मोठी झालीस."

मी मान हलवली.

ते वर चढू लागले तेवढ्यात अप्पा आतून बाहेर आले. त्यांनी ओळखलं. ते पास्कल अंकलशी बोलले नाहीत. त्यांच्यावरून वर, दारात वाट बघत उभ्या असलेल्या कांबळेवहिनींशी बोलले, वडीलधाऱ्याने नव्या माणसांना सावध करावं अशा मायेच्या आवाजात.

"वहिनी, ह्याला घरात घेऊ नका. आमची भिंत ह्यानेच घालवली. विचारा बिल्डिंगमध्ये कोणालाही."

कांबळेवहिनी गोंधळल्या. "पण काका, माझ्या बहिणीकडे तर..."

"तुम्ही नवीन आहात. आम्ही भोगलंय."

मला वाटलं, आता तरी ते बोलतील. पास्कल अंकल जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबले होते, एक हात कठड्यावर. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. मग गाठोडं एका कुशीतून दुसऱ्या कुशीत घेतलं आणि वळले. आमच्या दारावरून जाताना ते कडेला झाले, मला धक्का लागू नये म्हणून. त्यांच्या मानेवर, केसांच्या खाली, कुठल्यातरी घराच्या निळ्या रंगाचा थेंब पुसायचा राहिला होता. त्या दिवसानंतर मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

ते चार पायऱ्या उतरले. अप्पा घरात शिरायला वळले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, चांगलं काम केल्याचं, आणि त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. मला काय झालं ते सांगता येत नाही. हातातली चप्पल मी खाली ठेवली. माझा आवाज मला अनोळखी वाटला, आणि तो जिन्यात चारही मजले गेला.

"अंकल, थांबा. वहिनी, ते नको म्हणत होते. ऑइल पेंट आमच्या अप्पांनी मारायला लावला. मी तिथेच बसले होते."